माझ्या शेपटातलं वजन

मी एक मोटरहोम बोलतेय. पुढून गाडी, मागून घर. पुढे स्टिअरिंग, गिअर आणि डिझेलचं इंजिन. मागे ओटा, शेगडी, घडीचं टेबल, कपाटं, आणि अगदी शेवटी मागच्या काचेला लागून आडवा पलंग. मला बघायला येणारे लोक आधी हसतात, मग आत डोकावतात, मग म्हणतात, "अरे, हिच्यात तर संडासही आहे." कुठेही जा, पळसाला पानं तीनच.

आणि त्यानंतर वय विचारतात. बाईमाणसाला वय विचारू नये म्हणे, पण माझ्या बाबतीत ही रीत कुणीच पाळत नाही.

माझा जन्म दोन ठिकाणी झाला. तोंड, इंजिन आणि चाकं एका कारखान्यातली. खरं तर मी मालाची गाडी व्हायची होते. मग मला एका शेडमध्ये नेलं आणि सुतारांनी माझ्या पाठीवर घर चढवलं. पलंगाला जागा पुरेना, तेव्हा त्यांनी ते घर मागच्या चाकांच्याही पलीकडे बरंच लांबवलं. नाकापेक्षा मोती जड, तशातली गत झाली. चाकांच्या मागे लोंबणारा तो भाग म्हणजे माझं शेपूट. शेपूट म्हटलं की हसू येतं, पण पुढे जे झालं ते सगळं त्याच्यापायीच झालं.

माझे मालक काटेवाले. वजनकाटे दुरुस्त करायचा त्यांचा धंदा. धान्याची गोदामं, टपाल कचेऱ्या, दवाखाने, भाजीबाजार, जिथे म्हणून काटा खोटं बोलायला लागला तिथे आम्ही हजर. काटा तपासायचा तर खात्रीची वजनं लागतात. ती ओतीव लोखंडाची, कडी असलेली, एक उचललं तरी खांदा उतरेल अशी. टेबलाच्या बाकाखाली, म्हणजे माझ्या पोटात, काटेवाले ती पट्ट्यांनी आवळून ठेवायचे. "जड ते मधे, हलकं ते वर, शेपटात नुसती अंथरुणं," हा त्यांचा नियम. मालकीणबाई म्हणायच्या, "घरात मी म्हणेन ते, पण या गाडीत चमचा ठेवायचा तरी यांना विचारावं लागतं."

मालकीणबाई बरोबर असायच्याच. बाकांच्या मधे टेबल खाली पाडलं की तिथे एक छोटी खाट व्हायची. सुरुवातीची वर्षं सोडली तर गाडी चालू असताना त्या तिथेच आडव्या व्हायच्या. मागच्या मोठ्या पलंगावर मात्र गाडी उभी असेल तेव्हाच. असं का, याचा मी तेव्हा कधी विचार केला नाही.

मग मालकीणबाई गेल्या. नंतर काटेवाल्यांचे गुडघे गेले, आणि क्लच दाबायचं म्हटलं की त्यांच्या तोंडून "आई गं" निघायला लागलं. लोखंडी वजनं माझ्या पोटातून काढून शेडमध्ये ठेवली. मी अंगणाच्या कोपऱ्यात उभी राहिले ती राहिलेच. काचांवर धूळ बसली, धुळीवर पोरांनी बोटांनी चित्रं काढली. काटेवाले खिडकीत बसून माझ्याकडे बघायचे आणि मी त्यांच्याकडे.

घरात आता सूनबाईंचा कारभार. बाई मनाची चांगली, हाताची उरकी आणि जिभेची मोकळी. एक दिवस त्या सासऱ्यांना म्हणाल्या, "बाबा, उभी गाडी आणि बसलेला माणूस, दोन्ही गंजतात. विकून टाकू या. निदान ती तरी फिरेल."

काटेवाल्यांनी खिडकीतून माझ्याकडे एकदा बघून घेतलं. मग म्हणाले, "वीक. पण गिऱ्हाईक आलं की मला बाहेर बोलवू नकोस. मला बघवणार नाही."

सूनबाईंनी पदर खोचला. मला घासली, पुसली, पलंगावर कडक इस्त्रीची चादर घातली. तेवढ्यावर थांबल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्यांना वाटलं, गिऱ्हाईकाला घर कसं भरलेलं दिसावं. म्हणून पलंगाखालची पाण्याची टाकी काठोकाठ भरली, आणि शेडमधलं माझं म्हणून जे जे होतं ते सगळं माझ्या मागच्या डिकीत रचलं. छपराच्या कनातीचे लोखंडी दांडे, घडीच्या खुर्च्या, जॅक, आणि त्या सगळ्याच्या तळाशी ती वजनं. शेजारीण विचारायला लागली तर म्हणाल्या, "गाड्याबरोबर नळ्याची यात्रा. जाऊ देत तीही. बाबांच्या डोळ्यांसमोर नकोत."

वजनं शेपटात पडल्या पडल्या मला कळलं की हे काही खरं नाही. पुढची चाकं जमिनीला टेकलेली होती खरी, पण माझा भार त्यांच्यावर राहिलाच नव्हता. सांगणार कुणाला? आम्हाला तोंड नाही. आहे तो हॉर्न, आणि तोही दुसऱ्याने दाबायचा.

गिऱ्हाइकं यायला लागली. एकाने टायरला लाथ मारली आणि मान हलवली. लाथ मारून टायरचं काय कळतं, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. दुसरा आला, त्याने नुसते फोटो काढले आणि गेला. तिसऱ्याने पलंगावर बसून उड्या मारून पाहिल्या. शितावरून भाताची परीक्षा करतात हे ठाऊक आहे, पण यांनी शीत सोडून पातेलंच वाजवून पाहिलं.

आणि मग ती दोघं आली.

बाई ठेंगणी, मजबूत, मनगटाला घड्याळ. आयुष्यभर शाळेची बस चालवलेली. तिने कुणाशी बोलायच्या आधी माझ्या बॉनेटवर तळहात ठेवला. "थंड आहे," ती म्हणाली. "बरं झालं. आधीच गरम करून ठेवली असती तर मी इथूनच मागे फिरले असते. जुन्या डिझेलचं खरं रूप पहिल्यांदा उठताना कळतं." मला तिथेच आवडली.

तिचा नवरा शेजाऱ्याच्या गाडीतून मागच्या सीटवर आडवा होऊन आला होता. पेशाने रंगारी. घरं रंगवता रंगवता परांचीवरून पडला आणि पाठीच्या मणक्याची वाट लागली. चार पावलं चालायचा, थोडा वेळ बसायचा, त्यापुढे आडवं व्हायलाच लागायचं. कमरेला पट्टा, चेहऱ्यावर मिस्कील हसू. माझ्या पत्र्यावरून बोट फिरवून म्हणाला, "रंग कुणी दिलाय हिला? घाईत दिलाय." दुसरा कुणी बोलला असता तर मला राग आला असता. याचं खरं होतं.

सूनबाईंशी बोलता बोलता बाईने सगळं सांगितलं. त्यांची लेक डोंगरापलीकडच्या गावात राहते. घरी सासू अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे लेकीला निघता येत नाही. तिला मुलगी झाली, ती रांगायची थांबून चालायला लागली, आणि आजोबाने तिला अजून मांडीवर घेतलेली नाही. रुग्णवाहिका करू म्हटलं तर रंगारी ऐकत नव्हता. "मला आडवा घालून लेकीच्या दारात उतरवणार? पोरगी आधी रडेल आणि मग बोलेल," असं त्याचं म्हणणं. म्हणून पलंग असलेली गाडी हवी होती. बाई कधीपासून गाड्या बघत हिंडत होती. एकीत इंजिन मेलेलं, एकीत पलंग आखूड, एकीत छत गळकं. ही नाही जमली तर हा नाद सोडायचा, असं दोघांचं ठरलेलं होतं.

"अहो, चढा मागे. जमतंय का बघा," ती म्हणाली.

"मी बघतो. तू पुढचं बघ."

तो मागच्या पलंगावर आडवा झाला, कमरेवरून पट्टा बांधला. खिडकीतून आभाळ दिसत होतं, त्यावर खूश झाला. सूनबाई पुढे बसल्या. बाईने किल्ली फिरवली, इंजिनातल्या तारा तापायला वेळ दिला, मग मला उठवलं. मी खोकले, थोडा पांढरा धूर सोडला आणि सुरू झाले. दुसरा गिअर थंड असताना कुरकुरतो. तिने तो दमादमाने घातला.

अंगणाबाहेर पडले तेव्हा मला किती आनंद झाला हे कसं सांगू. रस्ता चाकांना लागला की माझं वय उतरतं. पण मोकळ्या रस्त्याला लागल्यावर बाईने हात जरा सैल सोडले, मी सरळ जाते का ते बघायला, आणि मी डावीकडे निघाले. तिने मला ओढून आणलं. समोरून मोठा ट्रक आला, तो जवळ आल्यावर मी बाहेर ढकलली गेले आणि तो गेल्यावर आत ओढली गेले. पुलावर वारा होता. तिथे तर स्टिअरिंग नुसतं हातात होतं, मी माझ्याच मनाने चालले होते. पुढची चाकं हलकी. ती वळत होती, पण रस्ता धरत नव्हती. बाईचे दंड ताठ झाले, ओठ घट्ट मिटले.

आणि मागे? मागची चाकं खड्ड्यातून गेली की शेपूट वर उसळायचं आणि दाणकन खाली यायचं. रंगारी त्या शेपटातच झोपलेला. प्रत्येक वेळी त्याची पाठ पलंगावर आपटायची. पहिल्या खड्ड्याला त्याने श्वास रोखला. दुसऱ्याला चादर मुठीत धरली. मग ती मूठ त्याने सोडलीच नाही.

"अहो, कसं वाटतंय?" बाईने पुढून विचारलं.

"मजेत आहे," तो म्हणाला. "झोप येतेय. तुला कशी वाटतेय चालवायला?"

"लोण्यासारखी," ती म्हणाली.

मी आयुष्यात खोटे काटे पुष्कळ पाहिले. पण दोन्ही पारडी एकाच वेळी खोटं बोलताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. पुढे तिचे हात माझ्या स्टिअरिंगला लागलेले, मागे त्याची पाठ माझ्या पलंगाला. दोघांचं खरं फक्त मला माहीत होतं. आणि मी काही लपवणार नाही, मला विकलं जायचं होतं. अंगणातल्या त्या कोपऱ्यात परत जायचं नव्हतं. पण ही दोघं अशीच मला घेऊन डोंगरात गेली तर? त्या वळणांवर हिचे हात थकतील, त्याची पाठ मोडेल, आणि अर्ध्या वाटेवरून परतावं लागेल. मग त्या पोरीला आजोबा कधी दिसणार? मी होती नव्हती ती सगळी ताकद लावून सरळ चालायचा प्रयत्न केला. पण शेपटातलं वजन इच्छेने कमी होत नाही.

अंगणात परत आलो. बाई उतरली, सूनबाईंना म्हणाली, "आम्हाला पसंत आहे."

रंगारी उतरून भिंतीला टेकून उभा राहिला. सूनबाई चहा टाकायला आत गेल्या. बाईला सवय, दुसऱ्याच्या घरची चादर विस्कटलेली सोडायची नाही. ती चादर नीट करायला मागे चढली आणि तिथेच थांबली. सगळी चादर इस्त्रीची कडक, आणि एका बाजूला मुठीएवढा चुरगळलेला, घामाने ओला झालेला गोळा.

ती खाली आली. नवऱ्यासमोर उभी राहिली.

"अहो, चादर का चुरगळली?"

"झोपल्यावर चुरगळतेच."

"झोपणाऱ्याची पाठीखाली चुरगळते. ही मुठीत चुरगळलीय."

तो जमिनीकडे बघत राहिला.

"दुखलं?"

"थोडं."

"थोडं म्हणजे किती?"

"प्रत्येक खड्ड्याला वाटलं, आता थांब म्हणावं," तो हळूच म्हणाला. "पण तू किती हिंडलीस. म्हटलं, तुला एवढी आवडलीय गाडी, तर मी कशाला मोडता घालू."

"मला कुठे आवडलीय? तुम्हाला ती खिडकी आवडली म्हणून मी गप्प बसले. स्टिअरिंग हाताशी राहत नाही हिचं. माझे दंड बघा कसे भरून आलेत."

"तू तर लोणी म्हणालीस."

"आणि तुम्ही झोप म्हणालात."

सूनबाई चहाचे कप घेऊन दारात आल्या होत्या. पुढे यावं की परत आत जावं, हे त्यांना कळेना. रंगारी हसायला लागला, हसताना पाठ दुखली म्हणून थांबला, आणि मग त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हणजे नाहीच," तो म्हणाला. "राहू दे. फोनवर दिसते ना पोरगी." बाईने त्याचा हात धरला आणि दोघं तशीच उभी राहिली. माझ्याच्याने तर बघवेना.

पण एक सांगते. माणूस जोवर दुसऱ्याला बरं वाटावं म्हणून बोलतो, तोवर त्याची अक्कल त्याच कामात गुंतलेली असते. खरं बोलून मोकळा झाला की डोकं चालायला लागतं. बाई माझ्याकडे वळली. माझ्या पुढच्या चाकांकडे बघितलं, मागे जाऊन शेपटाकडे बघितलं, पुन्हा पुढे आली.

"आमच्या बसमधली पोरं सहलीला निघाली की सगळी मागच्या बाकांवर गर्दी करायची," ती म्हणाली. "तेव्हा पुढचं चाक असंच हलकं व्हायचं. मी ओरडायचे, निम्मे पुढे या, नाहीतर गाडी निघणार नाही. ताई, मागच्या डिकीत काय भरलंय?"

"काही नाही हो, गाडीचंच सामान," सूनबाई म्हणाल्या आणि डिकी उघडली.

खुर्च्या निघाल्या, दांडे निघाले, जॅक निघाला. मग तळातलं पहिलं वजन ओढताना बाईच्या हातातून निसटलं आणि फरशीवर आपटलं. तो आवाज घरात पोचला. आयुष्यभर ज्याने तो आवाज ऐकला, तो माणूस आत कसा बसेल? काटेवाले काठी टेकत बाहेर आले.

"ही इथे कुणी ठेवली?"

"मी, बाबा," सूनबाई हळूच म्हणाल्या. "तुम्हाला दिसू नयेत म्हणून."

"दिसली नाहीत म्हणून हलकी होतात का, पोरी?" ते म्हणाले. रागाने नाही. तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. मग त्यांनी रंगाऱ्याकडे बघितलं, त्याच्या पट्ट्याकडे बघितलं. "तुम्ही मागे झोपला होतात?"

"हो."

"मागचा पलंग उभ्या गाडीचा. चालत्या गाडीत इथे झोपायचं." त्यांनी आत येऊन टेबल खाली पाडलं आणि मधली खाट करून दाखवली. "पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधोमध. हादरा इथे कमी बसतो. आमची बायको इथेच आडवी व्हायची. आधी कितीतरी वर्षं मागे झोपत होती, आणि तिचं पोट ढवळायचं. पण मला वाईट वाटेल म्हणून बोलली नाही. फार उशिरा बोलली."

एवढं बोलून ते खाटेवर हात फिरवत राहिले. तेव्हा कुठे मला मालकीणबाईंचं ते मधे झोपणं कळलं. इतकी वर्षं त्या माझ्याच पोटात होत्या आणि मला पत्ता नाही.

वजनं शेडमध्ये गेली. टाकीतलं निम्मं पाणी बागेला गेलं. दांडे आणि जॅक बाकाखाली माझ्या पोटात आले, शेपटात नुसती अंथरुणं. रंगारी मधल्या खाटेवर आडवा झाला आणि आम्ही पुन्हा निघालो. या खेपेला काटेवाले स्वतः पुढे बसले.

आता मी काही एकदम तरणीताठी झाले नव्हते. डावीकडे थोडी ओढत होतेच; टायरचं रबर म्हातारं झालं होतं आणि चाकांची दिशाही एकदा तपासून घ्यायला हवी होती. पुलावर वाऱ्याने झुललेही. पण पुढच्या चाकांनी रस्ता धरला होता. बाई म्हणत होती तिकडे मी जात होते. तिचे दंड सैल झाले.

मग तो मघाचाच खड्डा आला.

"आई गं," मागून आवाज आला. "हळू घे. हा दुखला."

बाईने लगेच वेग कमी केला. "आणि आता?"

"आता सोसतंय. असंच चालव."

बाईच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, ते मी आरशात पाहिलं. नवरा दुखतंय म्हणाला म्हणून इतकी खूश झालेली बायको मी दुसरी पाहिलेली नाही.

त्यांनी मला घेतलं. नवे टायर घातले, चाकं सरळ करून घेतली. रंगाऱ्याने पडल्या पडल्या एका माणसाला सूचना देऊन मला नवा रंग देववला, या वेळी घाई न करता. निघायच्या दिवशी काटेवाले फाटकापर्यंत आले. माझ्या दारावर तळहात ठेवला, आणि बाईला म्हणाले, "शेपटात अंथरुणंच ठेवा." माझ्याशी काही बोलले नाहीत. बोलले असते तर आम्हा दोघांनाही जड गेलं असतं.

डोंगर दुरून साजरे असतात हे खरंच आहे. चढावर मी धापा टाकल्या, उतारावर इंजिनाच्या जोरावर स्वतःला आवरलं. मधून मधून मागून "हळू" यायचं आणि बाई हळू घ्यायची. दोनदा थांबून त्याला पाठ शेकू दिली. लेकीच्या गल्लीच्या तोंडाशी रंगारी म्हणाला, "आता मला पुढे बसव. एवढंच."

बाईने त्याला पुढच्या सीटवर बसवलं. लेक फाटकात उभी होती, कडेवर पोरगी. तिला माझ्या काचेतून बाप दिसला, सरळ बसलेला, हात हलवणारा. ती धावत आली. दार उघडून पहिला प्रश्न तोच, "बाबा, प्रवासात त्रास झाला का?"

रंगाऱ्याने तोंड उघडलं. जुनं उत्तर ओठांवर तयार होतं, मी ते येताना पाहिलं. मग त्याने बायकोकडे बघितलं.

"झाला," तो म्हणाला. "खूप झाला. आता आधी तिला माझ्या मांडीवर दे."

सध्या मी त्याच गल्लीत उभी आहे. ती पोरगी रोज माझ्या पायरीवर चढते आणि हॉर्न दाबते, त्यामुळे मला हल्ली बोलायला मिळतं. तुम्ही कधी माझ्यासारखी जुनी गाडी बघायला गेलात, तर बॉनेटवर हात ठेवा, हात सैल सोडून सरळ जाते का बघा, डिकी उघडा. पण सगळ्यात आधी मागे जो झोपणार आहे त्याला विचारा, दुखतंय का. आणि नाही म्हणाला, तर चादर बघा.